खरं बोलणं फुकट होतं, खोटं अडीच वर्षांना पडलं

एक माणूस आहे, टिम मेप्स नावाचा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथे, विधानसभेच्या स्पीकरचा माजी चीफ ऑफ स्टाफ. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर साहेबांचा पीए, ओएसडी, कार्यालय प्रमुख आणि पक्षाचा सरचिटणीस हे सगळं एकाच खुर्चीत. साहेबांना भेटायचं तर आधी मेप्सला भेटा, आमदारांना केबिन कुठली मिळणार ते मेप्स ठरवणार, विधेयक कधी बोर्डावर येणार ते मेप्सला माहीत. जवळपास पंचवीस वर्षं हे काम केलं त्याने.

या माणसाला केंद्र सरकारच्या तपास यंत्रणेने ३१ मार्च २०२१ ला ग्रँड जुरीपुढे (खटला भरायचा की नाही ते ठरवणारे नागरिक, पुढे सांगतोच) बोलावलं, आणि बोलवायच्या आधी कोर्टाचा आदेश हातात दिला की तू जे सांगशील ते तुझ्याविरुद्ध वापरणार नाही, तू फक्त खरं बोल. म्हणजे आत जाऊन जे माहीत आहे ते सांगायचं, बाहेर यायचं, घरी जाऊन जेवायचं. याला कसलीच भीती नव्हती, दगड नव्हता वर लटकलेला. आणि तरीही हा माणूस आत गेला आणि खोटं बोलला. त्याबद्दल खटला चालला, ऑगस्ट २०२३ मध्ये खटल्याच्या जुरीने दोषी ठरवलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये तीस महिन्यांची शिक्षा झाली.

या प्रकरणाबद्दल वाचलं तेव्हा मला साहेबांच्या भ्रष्टाचारापेक्षा हीच गोष्ट जास्त खटकली. पैसे खाल्ले म्हणून जेलमध्ये गेलेले लोक आपण पोत्याने बघितलेत. पण ज्याच्यावर लाच घेतल्याचा आरोपच नाही, ज्याला सरकारने स्वतःहून कवच दिलं, त्याने ते कवच स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलं. का? आणि अमेरिकेत नुसतं खोटं बोलल्याबद्दल इतकी शिक्षा कशी काय होते? हे दोन्ही जरा सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो, वकील नाहीये मी, पण हे प्रकरण बऱ्यापैकी वाचलंय.

आधी साहेब कोण ते बघू. मायकेल मॅडिगन. १९८३ ला स्पीकर झाले आणि २०२१ पर्यंत राहिले, मधली फक्त दोन वर्षं सोडून. अमेरिकेच्या इतिहासात कुठल्याही राज्याच्या सभागृहाचं नेतृत्व इतकी वर्षं कुणी केलेलं नाही. आपल्याकडे विधानसभा अध्यक्ष म्हटलं की निदान कागदावर तरी तटस्थ, निवडून आल्यावर पक्षाच्या बैठकीला जायचं नाही वगैरे वगैरे (हसू नका). तिकडे तसं नाटकसुद्धा नसतं. तिकडचा स्पीकर हाच सभागृहातल्या बहुमतवाल्या पक्षाचा म्होरक्या, आणि मॅडिगन तर राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षही होते, आणि शिवाय शिकागोच्या नैऋत्य भागातल्या १३ व्या वॉर्डाचे कारभारी. म्हणजे वर विधानसभा, मध्ये पक्ष, खाली वॉर्ड, तिन्हीकडे एकच माणूस. कुठलं विधेयक जगणार आणि कुठलं मरणार हे त्यांच्या मर्जीवर.

आणि गंमत म्हणजे हा माणूस मोबाइल वापरायचा नाही, ईमेल करायचा नाही. २०१८ साली सुद्धा! जुन्या वळणाचे म्हणून असेल, हुशार म्हणून असेल, मला दुसरं जास्त पटतं. पण ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याचे निरोप कोणीतरी पोचवावे लागतातच ना, तर ते पोचवणारा होता मायकेल मॅक्लेन. हा पूर्वी आमदार होता, मॅडिगनचा जुना मित्र, आणि नंतर कॉमएड या वीज कंपनीचा लॉबिस्ट. लॉबिस्ट म्हणजे कंपनीच्या वतीने आमदारांना जाऊन भेटणारा, पटवणारा अधिकृत माणूस, तिकडे हा रीतसर नोंदणी केलेला धंदा आहे.

कॉमएड म्हणजे उत्तर इलिनॉयची महावितरण समजा, फक्त खाजगी. साधारण चाळीस लाख ग्राहक. शिकागो आणि आसपास राहणारे आपले मराठी लोकसुद्धा दर महिन्याला त्यांचंच बिल भरतात, नेपरव्हिलवाले सोडून, कारण त्यांच्या नगरपालिकेची स्वतःची वीज व्यवस्था आहे. तर या कंपनीने २०२० साली कोर्टात लेखी कबूल केलं की २०११ ते २०१९ या काळात आम्ही मॅडिगनना खूश ठेवायला त्यांच्या माणसांना नोकऱ्या, कंत्राटं आणि पैसे दिले. त्यांच्या वॉर्डातले कार्यकर्ते वगैरे लोक कंपनीच्या सल्लागारांच्या यादीत घुसवले, म्हणजे थेट पगार नाही, मध्ये एक दोन लोकांमार्फत चेक, आणि काम जवळपास शून्य. एकूण रक्कम तेरा लाख डॉलरच्या वर. बदल्यात काय अपेक्षित होतं तर विधिमंडळात सोयीचे कायदे, आणि त्यातून कंपनीला होणारा फायदा पंधरा कोटी डॉलरच्या पुढे. कंपनीने वीस कोटी डॉलर दंड भरला. दंड मोठा वाटतो, पण गुंतवणुकीचा परतावा बघितला तर कुठलाही शेअर ब्रोकर खुर्चीतून पडेल.

आता मॅक्लेन. हा माणूस म्हणजे निष्ठेचा पुतळा. २०१६ च्या डिसेंबरमध्ये लॉबिस्टच्या कामातून निवृत्त होताना त्याने मॅडिगनना एक पत्र लिहिलं, ते पुढे कोर्टात पुरावा म्हणून वाचलं गेलं. त्यात त्याने लिहिलं होतं की दिवसाच्या शेवटी मी मॅडिगन कुटुंबासाठी, माझी बंदूक घेऊन, पुलावर उभा असेन. हे वाचल्यावर मराठी माणसाला एकच आठवतं, घोडखिंड आणि बाजीप्रभू. अंगावर काटा येतो बघा, जर पुढचा भाग माहीत नसेल तर. कारण बाजीप्रभूंनी खिंड लढवली ती मागे राजा होता आणि राजाच्या मागे स्वराज्य होतं म्हणून. इथे मागे काय होतं तर वीज कंपनीच्या कंत्राटांचे चेक.

शिवाय मॅक्लेन फोनवर मॅडिगनचं नाव घ्यायचा नाही. ‘आपले मित्र’ म्हणायचा, किंवा नुसतंच ‘ते स्वतः’. आमच्या आजीची आठवण आली मला, ती आजोबांचं नाव उखाण्याशिवाय घ्यायची नाही, एरवी ‘हे’ आणि ‘इकडून’. पण आजीचा फोन एफबीआय ऐकत नव्हती. मॅक्लेनचा ऐकत होती, २०१८ मध्ये कोर्टाच्या परवानगीने टॅप केला होता. आणि त्या फोनवर मॅक्लेन ज्यांच्याशी मनमोकळं बोलायचा त्यातला एक म्हणजे आपला मेप्स.

इथपर्यंत चित्र स्पष्ट झालं असेल. सरकारला सिद्ध करायचं होतं की निवृत्त झाल्यावरसुद्धा मॅक्लेन हा मॅडिगनच्या सांगण्यावरून काम करत होता, म्हणजे तो बोलला की साहेब बोलले असं धरायचं. एकदा हे सिद्ध झालं की मॅक्लेनची प्रत्येक टेप मॅडिगनपर्यंत पोचते. आणि हे आतून माहीत असलेला माणूस कोण, तर मेप्स. म्हणून त्याला बोलावलं.

ग्रँड जुरी हा प्रकार आपल्याकडे नाही म्हणून थोडं सांगतो. सोळा ते तेवीस सामान्य नागरिक एका बंद खोलीत बसतात, सरकारी वकील त्यांच्यापुढे पुरावे आणि साक्षीदार आणतात, आणि खटला भरण्याइतका दम आहे का एवढंच ते ठरवतात. न्यायाधीश बसलेला नसतो, साक्षीदाराचा वकीलसुद्धा आत येऊ शकत नाही, फार तर साक्षीदार मध्येच उठून बाहेर जाऊन वकिलाला विचारून येतो. सगळं गुप्त, पण सगळं शपथेवर, आणि शब्दन् शब्द नोंदवला जातो.

साक्षीदार म्हणू शकतो की मी उत्तर देणार नाही, कारण मी स्वतःच अडकेन. हा त्यांच्या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीतला हक्क, आपल्या घटनेत कलम २०(३) आहे साधारण त्याच भावाचं. मग सरकार काय करतं, कोर्टाकडून इम्युनिटीचा आदेश आणतं. त्याचा अर्थ असा की तुझं बोलणं आणि त्यातून निघालेला पुरावा तुझ्याविरुद्ध वापरणार नाही, म्हणजे तुझी भीती संपली, म्हणजे गप्प बसायचा हक्कही संपला, आता बोल. फक्त एक अपवाद, खोटं बोललास तर त्याबद्दल खटला भरू. हा अपवाद साक्षीदाराला स्पष्ट सांगितला जातो, बारीक अक्षरात लपवत नाहीत.

आपल्याकडच्या ‘माफीच्या साक्षीदारा’शी याची गल्लत करू नका. माफीचा साक्षीदार हा स्वतः गुन्ह्यात सामील असतो आणि सगळं खरं सांगायच्या अटीवर त्याला माफी मिळते. मेप्सला माफी नको होती, कारण त्याच्यावर आरोपच नव्हता. याच्या जास्त जवळ जाणारी गोष्ट म्हणजे आपल्या जुन्या पुरावा कायद्याचं कलम १३२, त्यात अगदी हेच होतं, कोर्टात साक्षीदाराला ‘मी अडकेन’ म्हणून उत्तर टाळता येत नाही, पण द्यायला लावलेलं उत्तर त्याच्याविरुद्ध वापरायचं नाही, अपवाद फक्त खोट्या साक्षीचा. कायदा तिकडचा आणि इकडचा इतका सारखा बघून मला आश्चर्य वाटलं होतं.

तर मेप्ससमोर तीन दारं होती. एक, गप्प बसणं. इम्युनिटीनंतर हे दार बंद, तरी कुणी हट्टाने गप्प बसलंच तर कोर्टाचा अवमान म्हणून जेलमध्ये, जास्तीत जास्त अठरा महिने. दोन, खरं बोलणं. तीन, खोटं बोलणं.

पहिल्या दाराने गेलेली माणसं आहेत बरं का. बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असताना व्हाइटवॉटर नावाचं जमिनीच्या व्यवहाराचं प्रकरण गाजलं होतं, त्यात क्लिंटन यांची जुनी भागीदार सुझन मॅकडूगल हिला ग्रँड जुरीपुढे बोलावलं, इम्युनिटी दिली, आणि ती म्हणाली मी उत्तर देणार नाही. पूर्ण अठरा महिने अवमानाबद्दल जेल भोगला तिने, १९९६ ते १९९८. तिचं म्हणणं होतं की खरं सांगितलं तरी हे लोक मला खोटी ठरवतील. तिचं बरोबर की चूक यावर भांडायला वाव आहे, पण एक मान्य करायला हवं की तिने तोंडावर सांगितलं, नाही देणार उत्तर, करा काय करायचं ते. याला मी निष्ठा म्हणेन, किंवा हट्ट म्हणेन, पण लबाडी नाही म्हणता येणार.

मेप्सने असलं काही केलं नाही. त्याने सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग घेतला. ‘मला आठवत नाही.’

आणि इथेच बहुतेक लोकांची समजूत चुकते. आपल्याला वाटतं ‘आठवत नाही’ हे उत्तर म्हणजे बिनधोक, कारण माझ्या डोक्यात काय आहे हे कोण सिद्ध करणार? चौकशी आयोगांपुढे आपल्या पुढाऱ्यांची स्मरणशक्ती कशी ऐनवेळी जाते ते आपण बघितलंच आहे. पण कायद्याच्या नजरेत ‘मला आठवत नाही’ हेसुद्धा एक विधान आहे, स्वतःच्या मनाबद्दलचं विधान, आणि ते खोटं असू शकतं. तुला आठवत असताना आठवत नाही म्हणालास तर ते खोटंच. सिद्ध करणं अवघड आहे, अशक्य नाही.

मेप्सच्या बाबतीत कसं सिद्ध केलं तर टेप लावून. मॅक्लेन मॅडिगनसाठी २०१७-१८ मध्ये काही कामगिऱ्या करत होता का, त्याने तुला कधी त्याबद्दल सांगितलं का, असे प्रश्न होते, आणि याची उत्तरं नाही, आठवत नाही, माहीत नाही अशी. मग शिकागोच्या डर्कसन कोर्टात जुरीला फोनची रेकॉर्डिंग ऐकवली, त्यात हेच दोघं निवांत बोलतायत, साहेबांनी मला हे काम दिलंय, ते काम दिलंय. त्यातली एक कामगिरी म्हणजे एका ज्येष्ठ आमदाराला जाऊन सांगायचं की तुझा इथला काळ संपला, आता बाजूला हो. असलं काम कुणी तुमच्या कानावर घातलं तर तीन वर्षांत विसराल? मी तर शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला कुणी काढलं ते दहा वर्षांनीही सांगू शकतो.

बचाव पक्षाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं हेही सांगायला पाहिजे. त्यांनी म्हटलं की ग्रँड जुरीत मेप्सला एकही टेप ऐकवली नाही, कागद दाखवला नाही, आठवण करून द्यायचा प्रयत्न केला नाही, नुसते मोघम प्रश्न विचारले. माणसाची स्मरणशक्ती म्हणजे टेप रेकॉर्डर नव्हे हे सांगायला त्यांनी स्मृतीवर काम करणारा एक तज्ज्ञ प्राध्यापकही उभा केला. यात तथ्य आहे, मला स्वतःला तीन वर्षांपूर्वीचा फोन शब्दशः आठवणार नाही. पण सरकारी बाजूने त्याच्याबरोबर काम केलेल्या लोकांकडून दाखवून दिलं की हा माणूस बारीकसारीक तपशील लक्षात ठेवण्यासाठीच ओळखला जायचा, तेच त्याचं भांडवल होतं. आणि एक फोन विसरला तर समजू शकतो, पण एका विषयावरचे सगळेच फोन, आणि नेमके साहेबांना नडणारेच, विसरायचे? जुरीने काही तासांत निकाल दिला.

आता हा प्रश्न लोक नेहमी विचारतात, की सरकारकडे टेप होत्याच तर मग विचारलं कशाला, हा तर सापळा झाला. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण तपास करणाऱ्याच्या जागी बसून बघा. साक्षीदार कोर्टात उभा करायचा तर आधी तो खरं बोलतो का हे तपासावं लागणार, आणि ते तपासायचा एकच मार्ग, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते विचारून बघायचं. सोनार कसोटीवर सोनं घासतो ते सोन्याचा अपमान करायला नाही. शिवाय टेपवर शब्द असतात, संदर्भ नसतो, ‘आपले मित्र’ म्हणजे कोण हे टेप सांगत नाही, ते आतला माणूसच सांगतो. तरी पण, सापळा अजिबात नसतो असंही नाही. अनुभवी वकील अशिलाला कानीकपाळी ओरडून सांगतात की त्यांनी साधा प्रश्न विचारला तर समज त्यांना उत्तर माहीत आहे.

आणि शपथच पाहिजे असंही नाही. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात कलम १००१ आहे, त्याखाली केंद्रीय अधिकाऱ्याला, तपासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टीबद्दल, जाणूनबुजून खोटं सांगितलं की पाच वर्षांपर्यंत शिक्षा. शपथ नाही, सही नाही, दारात उभं राहून बोललेलं चालतं. ब्रोगन नावाच्या एका युनियन अधिकाऱ्याची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, १९९८ ला निकाल लागला. तपास अधिकारी त्याच्या घरी आले, विचारलं मालकांकडून पैसे घेतलेस का, तो म्हणाला, ‘नाही.’ एवढंच. त्याचं म्हणणं, आरोप नाकारणं म्हणजे काय खोटं बोलणं झालं का, कुणीही नाहीच म्हणेल. कोर्ट म्हणालं, झालं. गप्प बसायचा हक्क तुला आहे, खोटं बोलायचा नाही. हे वाक्य पाठ करून ठेवावं असं आहे, विशेषतः ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी.

याच इलिनॉयमध्ये गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांचं उदाहरण आहे, बराक ओबामांची रिकामी झालेली सिनेटची जागा विकायला काढल्याचा आरोप होता ते. २०१० च्या पहिल्या खटल्यात चोवीस आरोप होते आणि जुरीचं तेवीसवर एकमत होईना. एकाच आरोपावर झालं, एफबीआयशी खोटं बोलल्याचा, तेही सिनेटच्या जागेशी संबंध नसलेल्या २००५ च्या एका मुलाखतीतलं वाक्य, की माझं राजकारण आणि माझा कारभार यामध्ये मी भिंत ठेवली आहे. बाकीच्यासाठी दुसरा खटला चालवावा लागला. लाच सिद्ध करायची तर देवाणघेवाण, हेतू, बदल्यात काय दिलं हे सगळं जोडावं लागतं. खोटं सिद्ध करायला दोन कागद शेजारी शेजारी ठेवले की झालं, तू काय म्हणालास आणि खरं काय होतं.

आपल्याकडे खोट्या साक्षीला कायदा नाही असं नाही, जुन्या आयपीसीचं १९३, आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) २२९, कोर्टातल्या खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत. पण त्यासाठी त्या कोर्टालाच चौकशी करून तक्रार करावी लागते, जुनं सीआरपीसी ३४०, आणि आधीच हजारो केस तुंबलेल्या असताना कुठला न्यायाधीश त्या भानगडीत पडणार? पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, खटल्यात त्याला खोडून काढण्यापुरताच तो वापरता येतो, आणि त्यामागे कारण चांगलंच आहे, पोलीस काय काय वदवून घेऊ शकतात हे इंग्रजांनाही माहीत होतं आणि आपल्यालाही. पण त्याचा परिणाम असा की ‘साक्षीदार फितूर’ ही आपल्याकडे दोन ओळींची बातमी. आणि शब्द बघा कसा आहे, फितूर! कोर्टात खरं सांगायचं टाळलं तर तो फितूर, आणि पक्षात मात्र साहेबांविरुद्ध खरं सांगितलं तर तो गद्दार. त्या माणसाने जायचं कुठे?

हाच मेप्सचा पेच होता असं मला वाटतं. पैशाचा लोभ नव्हता, शिक्षेची भीती नव्हती, मग होतं काय? ज्या माणसाने तुम्हाला घडवलं, ज्याच्या नावाने तुम्हाला लोक उठून नमस्कार करतात, त्याच्याबद्दल अनोळखी वीस लोकांपुढे तोंड उघडायचं म्हणजे आयुष्यभराच्या स्वतःच्याच ओळखीवर पाणी सोडणं. खाल्ल्या मिठाला जागावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, तिकडे मीठ नसेल पण भावना तीच. फक्त मीठ कुणाचं होतं हा हिशेब चुकतो. मेप्स हा नुसता मॅडिगनचा माणूस नव्हता, तो विधानसभेचा क्लार्कसुद्धा होता, म्हणजे सभागृहाचा अधिकारी. पगार इलिनॉयच्या करदात्याचा. पंचवीस वर्षं जेवला तो लोकांच्या ताटात आणि जागला वाढप्याला.

आणि वाढप्याने तरी काय केलं? हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात विचित्र वाटतं. जून २०१८ मध्ये एका महिला कर्मचाऱ्याने पत्रकार परिषद घेऊन मेप्सवर छळाचे आणि अश्लाघ्य बोलण्याचे आरोप केले. मी टूचे दिवस होते, मॅडिगनच्या कार्यालयावर आधीच टीका चालू होती. त्याच दिवशी, काही तासांत, मॅडिगननी मेप्सचा राजीनामा घेतला. चीफ ऑफ स्टाफ गेला, क्लार्कचं पद गेलं, पक्षाचं पद गेलं, सगळं एका दुपारी. आरोप गंभीर होते आणि काढलं ते योग्यच केलं, त्याबद्दल वाद नाही. पण साहेबांची निष्ठा किती खोल आहे हे मेप्सला त्या दिवशी घड्याळ लावून कळलं होतं. तरीही तीन वर्षांनी तो ग्रँड जुरीत त्याच साहेबांसाठी विसराळू झाला. नोकरीसाठी नाही, ती गेलीच होती.

अशीच आणखी एक जोडी इलिनॉयमध्ये आधी होऊन गेली, गव्हर्नर जॉर्ज रायन आणि त्यांचा उजवा हात स्कॉट फॉवेल. फॉवेलला २००३ मध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली आणि तरी तो साहेबांविरुद्ध बोलायला तयार नव्हता. शेवटी बोलला, पण कशामुळे, तर त्याच्या होणाऱ्या बायकोवरही केस होती आणि तिची शिक्षा कमी व्हावी म्हणून. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहूनसुद्धा त्याने लपवलं नाही की मी इथे मनाविरुद्ध आलोय. रायनना २००६ मध्ये साडेसहा वर्षांचीच शिक्षा झाली, साहेब आणि माणूस दोघांना सारखी. एका निष्ठेला कापायला दुसरी निष्ठा लागली, सत्याने कापली नाही.

अशा वेळी लोक ते जुनं वाक्य फेकतात, गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच जास्त महागात पडते. मला ते इथे पटत नाही. मॅडिगनना फेब्रुवारी २०२५ मध्ये जुरीने तेवीसपैकी दहा आरोपांत दोषी धरलं, सातमध्ये सोडलं, सहावर एकमत झालं नाही. जूनमध्ये साडेसात वर्षं आणि पंचवीस लाख डॉलर दंड. मॅक्लेनला कॉमएडच्या वेगळ्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये दोन वर्षं. म्हणजे गुन्हा करणाऱ्यालाच जास्त महागात पडला, जसं व्हायला हवं तसं. पण मॅक्लेनला दोन वर्षं आणि नुसतं ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्या मेप्सला अडीच, ही बेरीज मात्र बघत बसावी अशी आहे. बंदूक घेऊन पुलावर उभ्या राहिलेल्या माणसाला कमी शिक्षा आणि पुलावर कुणी नव्हतंच म्हणणाऱ्या माणसाला जास्त.

आणि त्या खोट्याचा उपयोग किती झाला? टेप होत्या, कंपनीची कबुली होती, कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आरोप मान्य करून सरकारला मदत केली आणि छुप्या कॅमेऱ्याने रेकॉर्डिंग करून दिलं. मॅडिगनच्याच आवाजातली एक टेप जुरीने ऐकली, ज्यात ते मॅक्लेनशी बोलताना हसत म्हणतात की यातल्या काही लोकांनी तर डाकूंसारखी कमाई केली. मेप्सच्या साक्षीवाचून काही अडलं नाही.

उलट जानेवारी २०२५ मध्ये मॅडिगन स्वतः साक्षीला उभे राहिले. ऐंशी पार केलेला माणूस, आयुष्यभर कमी बोलण्यासाठी प्रसिद्ध, कोर्टात चांगलं तपशीलवार बोलला, लहानपण, वडील, वॉर्ड, सगळं आठवत होतं. आणि शिक्षा सुनावताना न्यायाधीश ब्लेकी म्हणाले की ती साक्ष म्हणजे खोटेपणाचं किळसवाणं प्रदर्शन होतं.